चार क्विंटलचा फोन



सरांनी आम्हाला पदार्थविज्ञान शिकवलं, पण पुस्तक उघडण्याआधी त्यांनी रेडिओ उघडला. प्रयोगशाळेच्या लाकडी टेबलावर जुना ट्रान्झिस्टर ठेवायचे, मागचं झाकण काढायचे आणि एकेकाला पुढे बोलवायचे. नुसतं नाव सांगून भागत नसे. कोणी "हा कंडेन्सर" म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "तो काढला तर काय बिघडेल?" ज्याला हे सांगता येत नाही त्याला तो भाग कळलेला नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आज सरांच्या स्मरणार्थ बोलताना मी तोच प्रश्न मोबाईल फोनला विचारणार आहे.

विषय का निवडला ते सांगतो. दिवाळीनंतर आपल्या शहरातल्या पैठण गेटच्या एका दुकानात मी चार्जरची वायर घ्यायला थांबलो होतो. शेजारी वैजापूर तालुक्यातले एक शेतकरी मुलीसाठी फोन बघत होते. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. दुकानदाराने तीन फोन काढून ठेवले, तिन्ही पंधरा हजारांच्या वरचे. "दहापर्यंत दाखवा," ते म्हणाले. दुकानदार म्हणाला, "काका, दहात येतो, पण वर्षात हँग व्हायला लागेल. मग तुम्ही मलाच बोलाल." त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. २०१७ मध्ये घेतलेला, कोपऱ्यात काच तडकलेली. "हा दहाला घेतला होता. आठ वर्षं चालला. मग आता ह्यात असं काय जास्तीचं घातलंय?" दुकानदार कॅमेऱ्याचे आकडे सांगू लागला. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोटो तर यानं बी निघतात."

इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता यायला हवं होतं. आलं नाही. म्हणून गेले दोन महिने मी आकडे गोळा करत बसलो.

आधी भाव मोजू, आणि आपल्या मापाने मोजू. मराठवाड्यात पैसा सोयाबीन आणि कापसातून येतो, तर क्विंटलचं माप घेऊ. जानेवारी २०१७ मध्ये रेडमी नोट ४ हा फोन भारतात आला. त्याचा सर्वांत स्वस्त प्रकार ९,९९९ रुपयांना होता, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव बोनस धरून २,७७५ रुपये होता. म्हणजे फोन पडला साधारण तीन क्विंटल साठ किलोला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच मालिकेतला रेडमी नोट १४ फाइव्ह-जी आला, तो १८,९९९ रुपयांपासून. हमीभाव होता ४,८९२. म्हणजे चार क्विंटलला थोडा कमी. रुपयांत जवळजवळ दुप्पट, सोयाबीनमध्ये पंचवीस-तीस किलो जास्त. ऐकायला बरं वाटतं. पण हा झाला हमीभावाचा हिशेब. २०२४ च्या हंगामात बाजार समितीत सोयाबीन हमीभावाच्या खाली जात होतं, हे इथे बसलेल्यांना मी सांगायची गरज नाही. ज्याच्या मालाला चार हजारांचा भाव लागला, त्याला तोच फोन पावणेपाच क्विंटलला पडला. आणि २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत ज्यांचं शेतच वाहून गेलं, त्यांच्यासाठी हे मापही उरलं नाही.

आता महागडा फोन घ्या. आयफोन ६ हा ऑक्टोबर २०१४ मध्ये भारतात ५३,५०० रुपयांना आला. त्या वर्षीच्या २,५६० च्या हमीभावाने तो एकवीस क्विंटलचा फोन होता. आयफोन १६ हा सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९०० ला आला, म्हणजे सव्वासोळा क्विंटलचा. मधल्या काळात आयफोन १२ पासून १६ पर्यंत सलग पाच वर्षं साध्या आयफोनची सुरुवातीची किंमत ७९,९०० वरच थांबलेली होती. चर्चा होते ती लाखाच्या फोनची, प्रो आणि अल्ट्राची. ज्याला लाख देता येतात त्याच्यापुढे पर्याय आहेत. माझी चिंता दहा हजारांच्या पायरीची आहे. तिथे पूर्वी आठ वर्षं टिकणारी वस्तू मिळत होती, आणि आता दुकानदारच सांगतो की घेऊ नका.

ही पायरी कशाने सरकली? महागाई आहेच. २०१७ च्या सुरुवातीपासून २०२४ च्या अखेरपर्यंत ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे दीडपट झाला. ९,९९९ चे त्याने पंधरा हजार झाले. डॉलर ६८ रुपयांच्या आसपास होता, तो ८५ ला गेला, आणि फोनच्या आतला महत्त्वाचा माल डॉलरमध्येच येतो, जोडणी कुठेही होवो. मग कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मोबाईलवर १२ टक्के होते, १ एप्रिल २०२० पासून १८ झाले. १८,९९९ च्या फोनमध्ये सुमारे २,९०० रुपये जीएसटीचे असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले. मोबाईल होता तिथेच राहिला. खोली थंड करणारं यंत्र आणि ज्याच्यावर ई-पीक पाहणी नोंदवायची ते यंत्र, दोन्हींना आज सारखाच कर. सरकार ज्या वस्तूशिवाय शेतकऱ्याची नोंद घेत नाही, त्या वस्तूवर चैनीच्या वस्तूइतका कर घेणं मला पटत नाही आणि ते मी इथे उघड सांगतो.

तरी तीन-चार हजार रुपये उरतातच. ते हार्डवेअरच्या सुधारणेचे आहेत का? आता झाकण उघडू.

सगळ्यात आधी चिप. आयफोन ६ मधल्या ए८ चिपमध्ये २०० कोटी ट्रान्झिस्टर होते. २०२३ च्या ए१७ प्रो मध्ये १,९०० कोटी. नऊ वर्षांत साडेनऊपट, आणि तेही नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर. हे कसं होतं ते ऐका, कारण सर असते तर त्यांनी इथेच अर्धा तास घेतला असता. इतक्या बारीक रेषा कोरायला साडेतेरा नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो कोणत्याही दिव्यातून मिळत नाही. वितळलेल्या कथिलाचे थेंब निर्वातात सोडायचे, सेकंदाला पन्नास हजार, आणि प्रत्येक थेंबावर लेसर मारायचा. थेंबाचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून तो प्रकाश निघतो. तो काचेतून जात नाही, म्हणून भिंगांऐवजी आरसे वापरावे लागतात. असं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधली एएसएमएल. माणसाच्या हाताने केलेल्या सर्वांत अवघड गोष्टींपैकी ही एक आहे. या कामाची किंमत द्यावी लागते आणि ती द्यायला माझी हरकत नाही. पूर्वी चिप बारीक झाली की प्रत्येक ट्रान्झिस्टर स्वस्तही होत असे. आता ती स्वस्ताई पूर्वीच्या वेगाने होत नाही. म्हणजे चिपपुरती भाववाढ खरी आहे.

पडदाही सुधारला. २०१७ चा फोन उन्हात शेतात धरला तर हाताची ओंजळ करून बघावं लागे. आजच्या बऱ्या फोनचा पडदा दुपारी बारालाही वाचता येतो. हे शेतकऱ्याच्या कामाचं आहे. पाण्यापासून बचावही वाढला, तोही कामाचा.

आता कॅमेरा. दुकानातली पाटी १०८ मेगापिक्सेल सांगते. त्या सेन्सरचा आकार हाताच्या बोटाच्या नखाहून फारसा मोठा नसतो. तेवढ्याच जागेत १०८ दशलक्ष कप्पे पाडले, तर प्रत्येक कप्प्यात पडणारा उजेड कमी होतो. म्हणून फोन स्वतःच नऊ-नऊ कप्पे एकत्र करतो आणि तुमच्या हातात १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. फोटो चांगला येतो, पण त्याचं श्रेय सेन्सरच्या आकाराला, भिंगाला आणि आतल्या गणिताला आहे. पाटीवरच्या आकड्याला नाही. सरांचा प्रश्न विचारा. १०८ काढून ५० घातले तर काय बिघडेल? नर्सिंगच्या मुलीचं काही बिघडणार नाही. पडदा सेकंदाला १२० वेळा बदलतो, तो ६० वेळा बदलला तर? काही नाही. मागे काचेऐवजी प्लास्टिक असलं तर? उलट पडल्यावर फुटणार नाही. काउंटरवर दोन मिनिटांत डोळ्यांत भरणाऱ्या सुधारणांवर पैसा जास्त खर्च होतो, अशा निष्कर्षाला मी आलो आहे.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यावा लागेल. हार्डवेअर सुधारणं आणि हार्डवेअर महागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सध्या जे चाललं आहे ते दुसरं आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपचे भाव चढले. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात, कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेतली मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना खास प्रकारची मेमरी लागते, तिला पैसा जास्त मिळतो, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा अर्थ असा की पैठण गेटला फोनची पाटी बदलते तेव्हा फोनच्या आत काहीही नवं आलेलं नसतं. तोच रॅम, तोच गिगाबाइट, किंमत मात्र वेगळी. या वाढीला सुधारणेचं नाव देऊन ग्राहकापुढे ठेवणं चूक आहे.

आणि रॅम वाढवावी तरी का लागते? याचं उत्तर आपल्याच राज्यात २०२१ मध्ये रस्त्यावर आलं होतं. राज्य सरकारने २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना एक लाखाहून जास्त मोबाईल दिले. त्यांत २ जीबी रॅम होती. बालकांची वजनं, उंची, आहार याची नोंद फोनवर करायची होती. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. ते या फोनवर नीट चालेना. फोन तापत, मधेच बंद पडत. वॉरंटी संपली होती, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर येत होता. ॲपमध्ये मराठी नीट नाही ही दुसरी तक्रार. ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सेविकांनी ते फोन पिशव्यांत भरून आणले आणि प्रकल्प कार्यालयांत परत केले. त्याला मोबाईल वापसी आंदोलन म्हणतात. मला ते इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातलं महत्त्वाचं पान वाटतं. काम तेच होतं, बाळाचं वजन लिहिण्याचं. दोन वर्षांत बाळाचं वजन लिहायला जास्त रॅम का लागावी? ॲप जड झालं म्हणून. फोन जागच्या जागीच होता, त्याच्या पायाखालची जमीन सरकवली गेली.

म्हणून मी म्हणतो, आपण जी रॅम विकत घेतो तिचा मोठा हिस्सा पुढे जाण्यासाठी नसतो. काल जे करत होतो तेच आज करता यावं, एवढ्यासाठी तो असतो. वैजापूरच्या काकांचा फोन बिघडला नव्हता. त्यावर दोन ॲप चालायची थांबली होती, इतकंच.

आता टिकण्याबद्दल. फोनमधली सर्वांत लवकर म्हातारी होणारी वस्तू म्हणजे बॅटरी. ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, असा जुना हिशेब होता. आयफोन १५ साठी ॲपलने हा आकडा १,००० सांगितला. ही फार मोठी सुधारणा आहे. दुप्पट आयुष्य! पण एकाही दुकानाच्या पाटीवर मी ती वाचली नाही. तीच कंपनी फोन वापरायला ० ते ३५ अंश तापमान योग्य मानते. आपल्या शहरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशी ओलांडतो. दुचाकीच्या हँडलवर लावलेला, बांधावर ठेवलेला फोन त्याहून जास्त तापतो. बॅटरीचं रसायन उष्णतेने लवकर थकतं. मराठवाड्यात बॅटरी बदलणं ही केव्हातरी नक्की येणारी गरज आहे, अपघात नव्हे. आणि जी वस्तू हमखास बदलावी लागणार, ती डिंकाने चिकटवून, काच गरम करून उचकटल्याशिवाय हाती न येईल अशी बसवणं, ही माझ्या मते रचनेतली चूक आहे. २०१२-१३ च्या बऱ्याच फोनचं मागचं झाकण नखाने निघत होतं.

पैठण गेटजवळ एका गाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मोबाईल दुरुस्त करतो. आधी तो चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्हीच्या लाइनवर होता. या शहराने घराघरांत रंगीत टीव्ही पोचवले, हे आपल्या नव्या पिढीला सांगावं लागतं. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिथे सोल्डरिंग शिकलेले हात शहरभर विखुरले. हा विद्यार्थी हॉट एअर गनने आयसी काढतो, त्याखालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवतो, म्हणजे रिबॉलिंग करतो, चार्जिंगची पट्टी दहा मिनिटांत बदलतो. त्याच्याकडे अर्धा दिवस बसलो आणि पुस्तकांत न मिळालेलं शिकलो. तो म्हणाला, "सर, फोल्डर गेला की गिऱ्हाईक भाव विचारतं आणि नवीन फोनच्या दुकानात जातं." फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र. पूर्वी नुसती काच फुटली तर नुसती काच बदलायची. आता तिन्ही एकात चिकटलेलं येतं. पडदा सुंदर झाला आणि त्याच सुधारणेने दुरुस्ती फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत नेली. काही फोन तर बदललेला भाग ओळखतात आणि पडद्यावर इशारा दाखवत राहतात, मग भाग अस्सल का असेना. हार्डवेअरमधली ही सुधारणा ग्राहकाच्या विरुद्ध केलेली आहे.

तर किंमत मोजायची कशी? मी वर्षांनी मोजतो. काकांनी दहा हजारांचा फोन आठ वर्षं वापरला, वर्षाला १,२५० रुपये पडले. एकोणीस हजारांचा फोन तीन वर्षांत टाकावा लागला तर वर्षाला ६,३०० च्या वर. या मापाने भाव दुप्पट झालेला नाही, पाचपट झाला आहे. ईएमआयमुळे हे डोळ्यांआड होतं. शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. 'नो कॉस्ट' हप्त्यातही व्याज कुठेतरी बसलेलं असतंच, किमतीत किंवा न मिळालेल्या सवलतीत.

याच मापाने चांगली बाजूही दिसते आणि ती सांगितली पाहिजे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. ते महागडे फोन. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगचा ए१६ फाइव्ह-जी भारतात आला, किंमत १८,९९९, आणि हमी सहा वर्षांची. सहा वर्षं चालला तर वर्षाला ३,१६६ रुपये. म्हणजे दीर्घ आयुष्य द्यायला लाख रुपये लागत नाहीत. कंपनीने ठरवावं लागतं. बँकेचं ॲप, परीक्षेचा अर्ज, पीक विमा हे सगळं ज्या अपडेटवर टिकून आहे, ते काढलं तर काय बिघडेल? सगळंच.

माझा निकाल असा आहे. साधारण २०१९ पर्यंत दिलेल्या वाढीव रुपयांना हार्डवेअरने जागून दाखवलं. फोन खरोखर दरवर्षी नव्या कामाचा होत होता. त्यानंतर सामान्य माणसाच्या फोनची जी भाववाढ झाली, तिच्यात महागाई, रुपया, कर आणि आता मेमरीची टंचाई यांचा वाटा मोठा आहे, सुधारणेचा लहान. आणि त्या लहान वाट्यातलंही बरंचसं काउंटरवर दाखवण्यासाठी आहे. ती वाढ मी समर्थनीय मानत नाही.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनच्या खोक्यावर लेबल लागतं. बॅटरी किती चार्ज टिकेल, पडल्यावर किती तग धरेल, दुरुस्तीला किती सोपा, हे त्यावर लिहिलेलं असतं. विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट देणं तिथे बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल दिला आहे. तो सक्तीने लागू व्हावा, यासाठी या सभागृहातून पत्रं जायला हवीत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा वजनमापाची लढाई होती. फोनचं वजनमाप म्हणजे वर्षं, आणि ते पाटीवर लिहून मागायचा आपल्याला हक्क आहे.

सभागृहात तंत्रनिकेतनचे आणि आयटीआयचे शिक्षक आहेत. त्यांना विनंती, रिबॉलिंग आणि बॅटरी बदलणं अभ्यासक्रमात नसेल तर शनिवारी दुपारी शिकवा. आपल्या विद्यापीठाच्या आवारात नायलिट ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था आहे, तिची मदत मागा. दुकानदार मित्रांना विनंती, मेगापिक्सेलच्या आधी अपडेट किती वर्षं ते सांगा. आणि खरेदीला जाणाऱ्यांनी दोनच गोष्टी विचारा, अपडेट कधीपर्यंत आणि बॅटरी इथे, या शहरात, कितीत बदलून मिळेल.

वैजापूरच्या काकांनी त्या दिवशी मुलीला सोळा हजारांचा फोन घेतला. जुना फोन दुकानदार पाचशे रुपयांत घेत होता, तो त्यांनी दिला नाही. मी त्यांना माझ्या विद्यार्थ्याच्या गाळ्यावर घेऊन गेलो. त्याने मागचं झाकण उघडलं, नवी बॅटरी बसवली आणि सहाशे रुपये घेतले. पाऊण तास लागला.